पुढे खटके, मागे तारा!

जिन्यातला दिवा आठवा. खालचं बटण दाबलं की तो लागतो. वर जाऊन तिथलं बटण दाबलं की विझतो. पुन्हा खालून कुणी बटण दाबलं की परत लागतो! दिवा एक, बटणं दोन, आणि गंमत अशी की ‘ही बाजू चालू आणि ही बाजू बंद’ असं त्या बटणांवर ठरलेलंच नसतं. असं का बरं?

उत्तर बटणाच्या मागच्या बाजूला आहे. साध्या बटणाला मागे दोन स्क्रू असतात. जिन्यातल्या बटणाला असतात तीन. एक मधला आणि दोन टोकाचे. मधल्या स्क्रूवर आलेली वीज एकदा या टोकाला जाते, एकदा त्या टोकाला. म्हणजे हे बटण वीज ‘चालू-बंद’ करतच नाही, ते फक्त वाट बदलतं. रेल्वेचे सांधे बदलतात ना, तस्सं!

दोस्तांनो, एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की मोठमोठ्या यंत्रांच्या पुढच्या पट्टीवरचे खटके तुम्हाला घाबरवणार नाहीत. आज आपण असंच एक यंत्र उघडून पाहणार आहोत. त्याचं नाव ऑडिओ कॉम्प्रेसर.

हा कॉम्प्रेसर कुठला?

फ्रीजच्या मागे घरघरणारा तो हा नव्हे. पंक्चरवाल्याकडचा हवा भरणारा तर नव्हेच नव्हे. हा आवाजाचा कॉम्प्रेसर.

शाळेचं गॅदरिंग डोळ्यांसमोर आणा. एक मुलगी माइकपाशी येते. लाजरी आहे, आवाज अगदी हळू. मागच्या रांगेतल्या आजी-आजोबांना काही ऐकू येत नाही, म्हणून माइकवाले काका आवाज वाढवतात. तेवढ्यात पुढचा मुलगा येतो आणि माइकच्या तोंडाशी जाऊन गरजतो, “नमस्कार मंडळी!” स्पीकर फाटतात, लोक कानांवर हात ठेवतात. काका धावत जाऊन आवाज कमी करतात. मग पुन्हा तिसरी हळू बोलणारी मुलगी...

काकांचं हे काम कॉम्प्रेसर आपोआप करतो, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात! आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की तो लगेच दाबतो, खाली आला की सोडून देतो. मोठे आवाज आवरले गेले की सगळाच आवाज थोडा वाढवायला जागा मिळते. मग लाजऱ्या मुलीचं भाषणही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

किती दाबायचं याचं एक गुणोत्तर असतं. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. समजा गुणोत्तर ४ : १ ठेवलं. आवाज मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो मर्यादेच्या फक्त २ डेसिबल वर असेल. २० : १ ठेवलं, तर २० डेसिबलची उडी १ डेसिबलवर येईल. म्हणजे जवळपास भिंतच!

ही युक्ती जुनी आहे. रेडिओ केंद्रांना तिची फार गरज होती, कारण आवाज मर्यादेबाहेर गेला की प्रक्षेपण फाटतं आणि शेजारच्या केंद्रांनाही त्रास होतो. १९३७ साली अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनं ‘११०-ए’ नावाचं असं यंत्र विकायला आणलं होतं. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस बिल पुटनम या ध्वनी-अभियंत्याचा ‘११७६’ नावाचा कॉम्प्रेसर आला आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला.

चार बटणांची करामत

या ‘११७६’ची एक मजेदार हकिगत आहे. त्याच्या पुढच्या पट्टीवर गुणोत्तराची चार बटणं होती : ४, ८, १२ आणि २०. टेबल फॅनला असतात तशी. एक दाबलं की आधीचं टक्कन वर येतं. म्हणजे एका वेळी एकच दाबायचं, अशी अपेक्षा.

पण चारही बटणं एकदम दाबून धरली, तर? कुणीतरी खोडकर माणसानं तसं केलंच! आणि बाहेर पडला एक दणदणीत, थोडासा फाटका, पण भन्नाट आवाज. ड्रमसाठी तो लोकांना इतका आवडला, की पुढे स्टुडिओत मुद्दाम चारही बटणं दाबून रेकॉर्डिंग होऊ लागलं.

हे घडलं कसं? त्या बटणांमध्ये काही जादू भरलेली नव्हती. प्रत्येक बटण मागच्या बाजूला एकेक वाट जोडत होतं. चारही वाटा एकदम जोडल्या गेल्या, तेव्हा आतल्या सर्किटचं गणितच बदललं. पट्टीवर काय छापलंय हे यंत्राला ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतं फक्त कुठली तार कुठल्या तारेला जोडली आहे!

म्हणूनच, किट आणून किंवा मासिकातलं सर्किट पाहून कुणी घरी कॉम्प्रेसर बनवतो, तेव्हा सगळ्यात जास्त घोळ होतो तो खटक्यांच्या वायरिंगमध्ये. छापील पट्टीवर भाग कुठे बसवायचे ते लिहिलेलं असतं. पण खटके त्या पट्टीपासून दूर, खोक्याच्या दर्शनी पत्र्यावर असतात. मध्ये वीस-पंचवीस तारांचं जंगल! चित्रातला खटका एका कंपनीचा, दुकानातून आणलेला दुसऱ्या कंपनीचा. मग नुसतं चित्र पाहून तारा जोडणारा फसतो आणि खटका समजून घेणारा जिंकतो.

पोल म्हणजे काय, थ्रो म्हणजे काय?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन नुसतं “एक स्विच द्या” म्हणालात, तर दुकानदार विचारतील, “कुठला? सिंगल पोल का डबल पोल?” घाबरू नका. हे दोनच शब्द शिकायचे आहेत.

पोल म्हणजे एकाच दांडीनं किती वेगवेगळ्या वाटा एकदम बदलतात ती संख्या. थ्रो म्हणजे प्रत्येक वाटेला किती ठिकाणी जाता येतं ती संख्या.

साधं घरचं बटण : एक पोल, एक थ्रो. पाय दोन.
जिन्यातलं बटण : एक पोल, दोन थ्रो. पाय तीन.
डबल पोल, डबल थ्रो : जिन्यातली दोन बटणं शेजारी शेजारी ठेवून त्यांना एकच दांडी लावलीय असं समजा. पाय सहा.

खटक्याच्या मागे तारा जोडायला जे धातूचे तुकडे असतात, त्यांना आपण ‘पाय’ म्हणतोय. सहा पायांचा खटका पालथा धरून त्यांना असे आकडे द्या :

१   ४
२   ५
३   ६

मधले २ आणि ५ हे ‘कॉमन’. १-२-३ हे एक घर, ४-५-६ हे दुसरं घर. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत. दांडी कशीही असो, डावीकडची वीज उजवीकडे कधीच जात नाही.

आता एक गंमत पाहा. बहुतेक टॉगल खटक्यांत दांडी वर केली की मधला पाय खालच्या पायाला जोडला जातो! कारण आत सी-सॉ असतो. बागेतल्या सी-सॉचं एक टोक वर गेलं की दुसरं खाली जातंच ना? पण सरकता खटका असेल, तर उलट. त्याची गोटी ज्या बाजूला सरकवाल, त्याच बाजूचा पाय जोडला जातो. दिसायला दोन्ही सहा पायांचेच. एकाच्या जागी दुसरा लावला की ‘चालू’च्या जागी ‘बंद’ झालंच म्हणून समजा.

मग खात्री कशी करायची? मल्टिमीटरनं! मीटर बझरवर लावा. दोन टोकं दोन पायांना टेकवा. ‘टूंऽऽ’ वाजलं तर जोडलेलं, नाही वाजलं तर तुटलेलं. दांडी वर असताना कुठले पाय जोडलेले आहेत आणि खाली असताना कुठले, ते वहीत लिहून काढा. पाचच मिनिटांचं काम आहे, पण ते नंतरची पाच तासांची डोकेदुखी वाचवतं. आणि हो, ही परीक्षा खटका सुटा असताना, वीज न जोडता करायची बरं का!

मीटरनं आणखी एक चोर पकडला जातो. काही टॉगल खटके मध्येसुद्धा थांबतात आणि तेव्हा कुठलाच पाय जोडलेला नसतो. असा खटका चुकून लागला, तर मधल्या जागी आवाज एकदम गायब!

बायपासचा खटका

कॉम्प्रेसरवरचा सर्वांत महत्त्वाचा खटका म्हणजे बायपास. गावाबाहेरून जाणारा बायपास रस्ता माहीत आहे ना? गाडी गावात न शिरता थेट पुढे जाते. इथेही तसंच. हा खटका टाकला की आवाज यंत्रात न शिरता थेट बाहेर पडतो. कॉम्प्रेसरनं नक्की काय फरक पडला, हे त्यामुळे लगेच ऐकता येतं.

एका चॅनेलच्या, साध्या दोन तारांच्या कॉम्प्रेसरसाठी आपला सहा पायांचा टॉगल पुरतो. जोडणी अशी :

● माइक किंवा मिक्सरकडून येणारी तार पाय २ ला.
● स्पीकरच्या अँप्लिफायरकडे जाणारी तार पाय ५ ला.
● पाय १ आणि पाय ४ यांच्यामध्ये एक छोटीशी तार. हाच आपला बायपास रस्ता!
● पाय ३ वरून तार कॉम्प्रेसरच्या तोंडाशी.
● कॉम्प्रेसरच्या शेपटाकडून येणारी तार पाय ६ ला.

आता बोटानं वाट चालून पाहा. दांडी वर : २ जोडला ३ ला, ५ जोडला ६ ला. आवाज २ वर आला, ३ वरून कॉम्प्रेसरमध्ये शिरला, फिरून ६ वर आला आणि ५ वरून बाहेर. दांडी खाली : २ जोडला १ ला, ५ जोडला ४ ला. आवाज २ वरून १, मग छोट्या तारेनं ४, मग ५ आणि बाहेर. कॉम्प्रेसर बिचारा बाजूलाच!

पाहिलंत? आपण चित्र पाठ केलं नाही. वाट चालत गेलो.

खटका सुरू आहे हे दाखवायला लाल एलईडी लावायचा असेल, तर त्याची वीज आवाजाच्या पायांवरून न्यायची नाही. त्यासाठी तिसरा पोल हवा, म्हणजे नऊ पायांचा खटका. एलईडीबरोबर रेझिस्टन्स विसरू नका. १२ व्होल्टच्या यंत्रात लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. उरले १०. १००० ओहमचा रेझिस्टन्स लावला, तर १० भागिले १०००, म्हणजे १० मिलिअँपिअर. छान प्रकाश पडेल.

आरशाचं भूत

इथे एक सावधानतेचा इशारा! खटका पत्र्याच्या पुढे, तारा मागे. म्हणजे तुम्ही तारा जोडताना खोक्याच्या पाठीमागून बघत असता. पुढून जे उजवं, ते मागून डावं.

गोल फिरणाऱ्या रोटरी स्विचला हे भूत हमखास छळतं. पुढून बटण घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं, की मागून पाहणाऱ्याला ते उलट फिरताना दिसतं. आकडे १, २, ३ असे मागून घड्याळाच्या दिशेनं दिले, की पुढे सगळा क्रम उलटा लागतो. उपाय सोपा आहे. कागदावर चित्र काढा आणि वर ठळक अक्षरांत लिहा : ‘मागून पाहिलेलं’.

बाराचा पाढा आणि रोटरी स्विच

कॉम्प्रेसरला आवाज दाबायला किती वेळ घ्यायचा आणि सोडायला किती वेळ घ्यायचा, हेही सांगावं लागतं. पहिल्याला म्हणतात अटॅक, दुसऱ्याला रिलीज. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये हे रोटरी स्विचनं बदलतात.

दुकानात मिळणाऱ्या रोटरी स्विचला साधारणपणे बाहेरच्या वर्तुळात बारा पाय असतात आणि आतल्या बाजूला कॉमन पाय. एक पोल असेल तर बारा जागा. दोन पोल असतील तर सहा-सहा. तीन असतील तर चार-चार, चार असतील तर तीन-तीन. गुणाकार प्रत्येक वेळी बाराच! आतला कुठला कॉमन बाहेरच्या कुठल्या पायांचा मालक आहे, हे पुन्हा बझरनंच शोधायचं.

दोन पोल कशाला? स्टिरिओसाठी. डावा आणि उजवा, दोन्ही चॅनेल एकाच बटणानं एकदम बदलायला हवेत. डावीकडे आवाज लवकर सुटला आणि उजवीकडे उशिरा, तर गाणारा माणूस स्टेजवर इकडून तिकडे पळतोय असं वाटेल!

या पायांना जोडलेले असतात वेगवेगळे रेझिस्टन्स. त्यांचं काम समजायला बादली आणि नळ आठवा. कॉम्प्रेसरच्या आत एक कंडेन्सर असतो, ती आपली बादली. आवाज वाढला की ती भरते, कमी झाला की रिकामी होते. ज्या नळातून पाणी जातं तो रेझिस्टन्स. नळ बारीक, म्हणजे रेझिस्टन्स जास्त, तर वेळ जास्त.

गणित अगदी सोपं : वेळ = रेझिस्टन्स × कंडेन्सर. (एवढ्या वेळात बादली साधारण ६३ टक्के भरते.) १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला १ हजार ओहम लावले, तर वेळ १ मिलिसेकंद. १० हजार लावले, तर १० मिलिसेकंद. १ लाख लावले, तर १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. १० लाख लावले, तर पुरा एक सेकंद. रोटरी स्विच फिरवणं म्हणजे निरनिराळ्या जाडीचे नळ बादलीला लावून पाहणं!

आणि कानाला काय फरक पडतो? अटॅक फार वेगवान ठेवला, तर तबल्याची थाप बोथट होते. थोडा सावकाश ठेवला, तर थापेचा पहिला टणकार निसटून जातो आणि मग दाब येतो. रिलीज फारच वेगवान ठेवला, तर बोलणाऱ्याच्या दोन शब्दांमध्ये पंख्याची घरघर फुगून वर येते, जणू यंत्र धापा टाकतंय!

ठाक! ठाक!

खटका टाकला की स्पीकरमधून ‘ठाक’ असा आवाज येतो का? त्याची दोन मुख्य कारणं.

पहिलं : आवाजाच्या वाटेवर कंडेन्सर असतो आणि त्याचं मोकळं टोक बायपासमध्ये हवेत लोंबकळत राहतं. त्यावर हळूहळू व्होल्टेज साचतं. खटका टाकताच ते एकदम सुटतं, ठाक! त्या टोकापासून अर्थच्या तारेला १० लाख ओहमचा रेझिस्टन्स जोडून ठेवा. साचलेलं व्होल्टेज गुपचूप निथळत राहील आणि आवाजाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरं : रोटरी स्विच एका पायावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर मध्येच तुटतो. काही स्विच ‘आधी सोड, मग धर’ जातीचे असतात, काही ‘आधी धर, मग सोड’ जातीचे. माकड एका फांदीवरून दुसरीवर जाताना दोन्ही हात सोडून उडी मारतं, किंवा दुसरी फांदी पकडून मगच पहिली सोडतं, तसं. आवाजाची पातळी बदलणाऱ्या ठिकाणी दुसऱ्या जातीचा स्विच बरा पडतो.

आणि ‘हूंऽऽ’ अशी घरघर येत असेल, तर आवाजाच्या तारा पाहा. त्या जाळीच्या हव्यात, म्हणजे बाहेरून तांब्याची जाळी असलेल्या. खोक्याच्या आत जाळीचं एकच टोक अर्थला डाग द्या, दुसरं मोकळं सोडून त्यावर टेप गुंडाळा. आत येणारी आणि बाहेर जाणारी तार एकमेकींना पीळ घालून नेऊ नका.

आई-बाबांनी हे जरूर वाचावं

आतापर्यंत सांगितलेलं सगळं १२ व्होल्टच्या चांगल्या अडॅप्टरवर किंवा बॅटरीवर करायचं आहे. घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि ती चूक माफ करत नाही. ज्या यंत्रात ट्रान्सफॉर्मर आतच असतो, त्याच्या पुढच्या पट्टीवरच्या पॉवर स्विचवर थेट २३० व्होल्ट खेळत असतात. तो स्विच शेजारच्या नाजूक खटक्यांसारखाच दिसतो, म्हणून जास्त धोक्याचा. असं यंत्र मुलांनी उघडू नये, प्लग काढलेला असला तरीही. आत मोठे कंडेन्सर भरलेले असू शकतात.

१२ व्होल्टच्या यंत्रात पॉवर स्विच फक्त ‘अधिक’च्या तारेत लावायचा : तार एका पायावर आली, दुसऱ्यावरून पुढे गेली. अधिक आणि उणे या दोन्ही तारा एकाच खटक्याच्या दोन पायांना लावल्या, तर खटका चालू करताच शॉर्ट सर्किट!

डाग देताना मोठं माणूस जवळ असावं. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक ३०० अंश सेल्सिअसच्याही वर तापतं. तिला स्टँड हवाच. खिडकी उघडी ठेवा. नेहमीच्या सोल्डरमध्ये कथलाबरोबर शिसंही असतं, तेव्हा काम झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्याला हात लावायचा नाही.

करून पाहा

कॉम्प्रेसर बनवायला वेळ लागेल. पण एक छोटा प्रयोग या रविवारीच होईल. ९ व्होल्टची एक बॅटरी, एक लाल एलईडी, १००० ओहमचा एक रेझिस्टन्स आणि जिन्याच्या बटणासारखे तीन पायांचे दोन छोटे टॉगल खटके आणा. मग कुठलंही चित्र न पाहता अशी जोडणी करा, की कुठल्याही एका खटक्यानं एलईडी लावता यावा आणि दुसऱ्यानं विझवता यावा.

एक सूचना देतो. दोन्ही खटक्यांचे टोकाचे पाय एकमेकांना दोन तारांनी जोडायचे आहेत. मधल्या पायांचं काय करायचं, ते तुम्ही शोधा. नाही जमलं, तर बोटानं वाट चालून पाहा. बोट जिथे अडेल, तिथेच चूक सापडेल!